विल्मा रुडॉल्फ : मागून निघालेल्या पावलांचे चरित्र

वार्षिक क्रीडास्पर्धेत शंभर मीटरची शर्यत संपली, की हरलेल्या मुलांपैकी कोणीतरी एक जण आमच्याकडे येतो आणि शिट्टी आपल्याला उशिरा ऐकू आली अशी तक्रार करतो. हातात घड्याळ घेऊन अंतिम रेषेवर उभे राहण्याचे काम गेली अनेक वर्षे आमच्याकडे असल्यामुळे ही तक्रार आम्हांला पाठ झाली आहे. पूर्वी आम्ही ती हसण्यावारी नेत असू. आता नेत नाही. त्या मुलाच्या रडवेल्या चेहऱ्यामागे एक खरा प्रश्न उभा आहे, हे आम्हांला उशिरा का होईना उमगले. सुरुवातीलाच मागे पडलेला माणूस शर्यत जिंकू शकतो काय? आणि जिंकायचीच असेल, तर त्यासाठी त्याच्यापाशी आणि त्याच्या सभोवती काय काय असावे लागते? इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने आम्ही या प्रश्नाचे उत्तर तत्त्वचर्चेत न शोधता एका चरित्रात शोधले. ते चरित्र आहे अमेरिकेच्या कृष्णवर्णीय धावपटू विल्मा रुडॉल्फ यांचे.

टेनेसी हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्य. तेथील क्लार्क्सव्हिल शहरालगतच्या सेंट बेथलेहेम या वस्तीत २३ जून १९४० रोजी विल्माचा जन्म झाला. दिवस भरण्यापूर्वीच जन्मलेल्या या मुलीचे वजन जेमतेम दोन किलो होते. वडील एड रुडॉल्फ रेल्वेत सामान वाहण्याचे आणि त्याखेरीज मिळेल ते काम करीत. आई ब्लँच गोऱ्या कुटुंबांकडे घरकामाला जात. वडिलांच्या दोन विवाहांतून झालेल्या बावीस अपत्यांपैकी विल्मा विसावी. न्यूमोनिया आणि स्कार्लेट ताप यांनी तिचे बालपण पोखरले आणि चार-पाच वर्षांची असताना पोलिओने तिचा डावा पाय लुळा केला. पोलिओची लस निघण्यास तेव्हा सुमारे दहा वर्षांचा अवकाश होता.

त्या काळच्या टेनेसीत गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या, प्रतीक्षागृहे वेगळी, पिण्याच्या पाण्याचे नळदेखील वेगळे. वेगळ्या पाणवठ्याचा अर्थ काय असतो, हे या स्मरणिकेच्या वाचकांना आम्ही समजावून सांगावे असे नाही. आजारी मुलीला जवळच्या इस्पितळात दाखल करण्याची सोय त्या आईला नव्हती. नॅशव्हिल येथे कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेले मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालय होते. तेथे उपचार मिळत. घरापासून ते सुमारे ८० किलोमीटर. आठवड्यातून एकदा ब्लँच मुलीला घेऊन बसच्या मागील आसनांवर बसत आणि नॅशव्हिल गाठत. असे जवळजवळ दोन वर्षे चालले. डॉक्टरांनी पायाला मालीश करण्याची रीत शिकवली, तेव्हा आईने ती मोठ्या भावंडांनाही शिकवली. दिवसातून चार वेळा पाळीपाळीने घरातील कोणी ना कोणी त्या पायाला मालीश करी. पायात लोखंडी कॅलिपर आणि पुढे जड, खास बनवलेला बूट. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास या सर्व आधारांतून ती पूर्णपणे मोकळी झाली.

ज्या मुलीच्या पायाला बारा वर्षे जमिनीची खरी ओळख नव्हती, ती अल्पावधीतच शाळेच्या बास्केटबॉल संघात शिरली. बर्ट हायस्कूलमधील तिचे प्रशिक्षक क्लिंटन ग्रे यांनी तिला डासाच्या अर्थाचे एक टोपणनाव दिले. कारण ती सतत मध्ये मध्ये गुणगुणत फिरे. याच खेळाच्या एका स्पर्धेत टेनेसी राज्य विद्यापीठाचे धावण्याचे प्रशिक्षक एड टेंपल यांची दृष्टी तिच्यावर गेली. त्यांनी तिला विद्यापीठाच्या उन्हाळी शिबिरात बोलावले. हे विद्यापीठही कृष्णवर्णीयांसाठीच निघालेले. त्याच्या महिला संघाला टायगरबेल्स म्हणत.

टेंपल यांच्या शिस्तीविषयी एक प्रसंग सांगितला जातो. सरावाला जितकी मिनिटे उशीर, तितक्या जादा फेऱ्या, असा त्यांचा नियम होता. विल्मा एकदा झोपून राहिली आणि अर्धा तास उशिरा पोहोचली. तिला तीस फेऱ्या माराव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास आधीच मैदानावर येऊन बसली होती. या संघातील मुलींना आयते पैसे मिळत नसत. शिक्षणाचा खर्च भागावा म्हणून त्या रोज दोन तास विद्यापीठाच्या आवारात काम करीत. स्पर्धेसाठी दूर जायचे, तर वाटेतील उपाहारगृहांत प्रवेश नसल्याने शिदोरी बरोबर न्यावी लागे. वसतिगृहात राहून शिकलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना या तपशिलांत काही ओळखीचे वाटेल.

अलाबामातील टस्किगी येथे झालेल्या पहिल्या मोठ्या स्पर्धेत विल्मा एकूण एक शर्यत हरली. आतापर्यंत आपल्या शाळेच्या परिसरात तिला कोणी हरवलेले नव्हते. केवळ निसर्गदत्त वेगाच्या बळावर धावणे निराळे आणि धावण्याची विद्या शिकणे निराळे, हा धडा तिला तेथे मिळाला. पुढच्याच टप्प्यात, १९५६ साली, सोळा वर्षांची विल्मा मेलबर्नच्या ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या संघात निवडली गेली. २०० मीटरमध्ये ती प्राथमिक फेरीतच बाद झाली; परंतु चार गुणिले शंभर मीटर रिलेत तिच्या संघाने कांस्यपदक मिळवले. पदक घेऊन ती पुन्हा शाळेच्या बाकावर येऊन बसली.

१९५८ साली शालेय शिक्षण संपता संपता विल्मा एका मुलीची आई झाली. अनेक मुलींचे शिक्षण येथेच थांबते. आपल्याकडेही थांबत आले आहे. तिचे थांबले नाही. मुलीला सांभाळण्याचा भार तिच्या कुटुंबाने उचलला आणि मूल असलेल्या मुलींना संघात न घेण्याचा आपला नियम टेंपल यांनी तिच्यासाठी बाजूला ठेवला. त्याच वर्षी ती टेनेसी राज्य विद्यापीठात दाखल झाली.

येथून पुढे आम्ही विल्मा रुडॉल्फ यांचा उल्लेख आदरार्थी करू. कारण आता त्या जगातील सर्वांत वेगवान स्त्री होण्याच्या वाटेवर होत्या. ९ जुलै १९६० रोजी टेक्सासमधील कॉर्पस क्रिस्टी येथे त्यांनी २०० मीटर अंतर २२.९ सेकंदांत कापून विश्वविक्रम केला. हे अंतर २३ सेकंदांच्या आत धावणारी ती पहिली स्त्री. आणि तरीही त्यांच्यात एक उणीव होती, जी त्यांना स्वतःला आणि टेंपल यांना पुरेपूर ठाऊक होती. त्यांची सुरुवात संथ होती.

ही उणीव नेमकी कोणती, हे समजण्यासाठी थोडे शास्त्र पाहिले पाहिजे. पिस्तुलाचा आवाज झाल्यापासून धावपटूच्या पायाचा दाब आरंभाच्या ठोकळ्यावर पडेपर्यंत जो काळ जातो, त्यास प्रतिक्रिया-काल म्हणतात. आवाज हवेतून कानापर्यंत येतो, कानातून मेंदूकडे संदेश जातो, तेथून पाठीच्या कण्यावाटे स्नायूंना आज्ञा मिळते आणि मग पाय ठोकळ्याला रेटतो. जगातील उत्तम धावपटूंना यासाठी साधारणपणे ०.१२ ते ०.१८ सेकंद लागतात. ०.१०० सेकंदाच्या आत कोणी हलला, तर त्याने आवाज ऐकून नव्हे, अंदाजाने सुरुवात केली असे नियम मानतो आणि त्याला बाद करतो. २०२२ साली युजीन येथील जागतिक स्पर्धेत अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत डेव्हन ॲलन या धावपटूची नोंद ०.०९९ सेकंद झाली आणि एका सहस्रांशासाठी त्याला मैदानाबाहेर जावे लागले. विल्मा धावत होत्या, तेव्हा ठोकळ्यांत अशी संवेदनशील यंत्रे नव्हती. पंच डोळ्यांनी पाहत आणि घड्याळ अंगठ्याने दाबत. त्यामुळे त्यांच्या प्रतिक्रिया-कालाचा आकडा इतिहासात नाही.

मात्र प्रतिक्रिया आणि सुरुवात या दोन गोष्टी एकच नव्हेत. आवाज ऐकून पाय हलणे ही प्रतिक्रिया. त्यानंतर वाकलेले शरीर उलगडत पहिली आठ-दहा पावले टाकणे आणि वेग धरणे, ही सुरुवात. विल्मा यांची उंची जवळजवळ १८० सेंटिमीटर होती. लांब हातापायांचे शरीर ठोकळ्यातून उलगडण्यास वेळ घेते. ठेंगण्या धावपटू पहिल्या वीस मीटरांत त्यांच्या पुढे निघून जात. तेच लांब पाय एकदा वेगात आले, की प्रत्येक पावलागणिक अंतर खाऊन टाकीत. उणीव आणि सामर्थ्य या दोहोंचे मूळ एकच होते.

आता प्रश्न असा, की या पहिल्या क्षणाला संपूर्ण शर्यतीत किती मोल द्यावे? अलीकडच्या काळातील एक प्रसिद्ध शर्यत पाहू. २००९ साली बर्लिन येथे उसेन बोल्ट यांनी १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापले. दुसरे आलेले टायसन गे यांची वेळ ९.७१, तिसरे असाफा पॉवेल यांची ९.८४. या तिघांचे प्रतिक्रिया-काल अनुक्रमे ०.१४६, ०.१४४ आणि ०.१३४ सेकंद होते. म्हणजे ज्याने सर्वांत आधी पाय हलवला तो तिसरा आला आणि ज्याने सर्वांत शेवटी हलवला तो पहिला. त्याआधी वर्षभर, बीजिंग ऑलिंपिकमध्ये, बोल्ट यांनी ०.१६५ सेकंद घेतले आणि तरीही ९.६९ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. श्रेष्ठ धावपटूंमध्ये प्रतिक्रिया-कालातील फरक काही शतांश सेकंदांचा असतो. वेग पकडणे, तो शिखरावर नेणे आणि अखेरपर्यंत टिकवणे यांतील फरक त्याहून मोठा असतो. अंतर जितके वाढते, तितके त्या पहिल्या क्षणाचे वजन घटते. २०० मीटरला ते शंभराच्या निम्म्याने उरते.

पण म्हणून सुरुवातीला किंमतच नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ताशी ३६ किलोमीटर वेगाने धावणारा माणूस एका सेकंदात दहा मीटर कापतो. म्हणजे सेकंदाचा विसावा भाग गमावला, तर अर्धा मीटर गमावला. दोघांचा वेग सारखाच असेल, तर हा अर्धा मीटर भरून काढण्यास दुसऱ्या कोणत्याही जागी वाव नसतो. १९६० च्या रोम ऑलिंपिकने या दोन्ही गोष्टी लागोपाठच्या दोन दिवशी, एकाच मैदानावर सिद्ध करून दाखवल्या.

१ सप्टेंबर १९६० रोजी पुरुषांच्या १०० मीटरची अंतिम शर्यत झाली. जर्मनीचे आर्मिन हारी हे विजेच्या वेगाने सुटण्याबद्दल विख्यात होते. इतके, की ते आवाजापूर्वीच निघतात असा संशय पुष्कळांना येई. त्याच वर्षी जूनमध्ये झुरिक येथे त्यांनी १०.० सेकंदांची वेळ दिली. सुरुवातीबद्दल शंका घेऊन ती धाव रद्द ठरवली गेली, तेव्हा थोड्याच वेळात पुन्हा धावून त्यांनी तीच वेळ दिली. रोममध्येही ते सर्वांआधी सुटले. अमेरिकेचे डेव्ह साइम मागून झपाट्याने आले आणि अंतिम रेषेवर त्यांनी अंग झोकून दिले. दोघांचीही वेळ १०.२ सेकंद नोंदवली गेली. सुवर्णपदक हारी यांना मिळाले. तेथे सुरुवातीने शर्यत जिंकून दिली होती.

दुसऱ्या दिवशी, २ सप्टेंबरला, त्याच धावमार्गावर स्त्रियांची १०० मीटरची अंतिम शर्यत होती. स्पर्धेपूर्वी सराव करताना विल्मा यांचा पाय एका खड्ड्यात पडून घोटा मुरगळला होता. उपान्त्य फेरीत त्यांनी ११.३ सेकंदांच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली. अंतिम शर्यतीत वेग धरल्यानंतर त्यांना गाठणे कोणालाच शक्य झाले नाही. त्यांची वेळ ११.० सेकंद, दुसऱ्या आलेल्या ब्रिटनच्या डोरोथी हायमन यांची ११.३. म्हणजे अंतर जवळजवळ तीन मीटरांचे. पाठीवर येणारा वारा सेकंदाला दोन मीटरांच्या मर्यादेहून अधिक असल्याने ही वेळ विश्वविक्रम म्हणून धरली गेली नाही; परंतु सुवर्णपदक निर्विवाद होते. सुरुवातीत काही शतांश सेकंद गेले असतील, तर पुढील ऐंशी मीटरांत त्यांनी ते व्याजासह वसूल केले होते.

५ सप्टेंबरला २०० मीटरच्या अंतिम शर्यतीत समोरून वारा होता. विल्मा यांनी २४.० सेकंदांत दुसरे सुवर्ण जिंकले. जर्मनीच्या युटा हाइने ०.४ सेकंदांनी मागे राहिल्या. ८ सप्टेंबरला रिले होती आणि तिची रचना आमच्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. रिलेत पिस्तुलाच्या आवाजावर फक्त पहिली धावपटू निघते. उरलेल्या तिघी आधीच धावू लागून बॅटन घेतात. टेंपल यांनी उंचीने लहान आणि चटकन सुटणाऱ्या मार्था हडसन यांना पहिल्या टप्प्यावर ठेवले, मध्ये ल्युसिंडा विल्यम्स आणि बार्बरा जोन्स यांना, आणि सर्वांत शेवटी विल्मा यांना. ज्याची जी उणीव, ती जेथे आड येणार नाही अशी जागा त्याला द्यायची, हे उत्तम शिक्षकाचे लक्षण होय. या चौघीही टेनेसी राज्य विद्यापीठाच्याच विद्यार्थिनी. उपान्त्य फेरीत त्यांनी ४४.४ सेकंदांचा विश्वविक्रम केला. अंतिम शर्यतीत बॅटन घेताना विल्मा यांच्या हातून गोंधळ झाला, क्षणभर सारे हातचे गेले असे वाटले आणि जर्मनीची धावपटू पुढे झाली. विल्मा यांनी तिला गाठले, मागे टाकले आणि ४४.५ सेकंदांत तिसरे सुवर्ण मिळवले. एकाच ऑलिंपिकमध्ये धावण्याची तीन सुवर्णपदके जिंकणारी ती पहिली अमेरिकन स्त्री.

सेकंदाच्या दहाव्या भागाचे मोल भारतीयांना वेगळे सांगावयास नको. याच रोममध्ये, याच मैदानावर, ६ सप्टेंबरला मिल्खासिंग ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीत चौथे आले. तिसऱ्या धावपटूची अधिकृत वेळ ४५.५ सेकंद आणि मिल्खासिंग यांची ४५.६. फाळणीत आईवडील गमावलेल्या, निर्वासित म्हणून दिल्लीत आलेल्या त्या मुलाने तेथवर केलेला प्रवास लक्षात घेतला, तर तो दहावा भाग अधिकच बोचतो. मागून निघालेला प्रत्येक जण पदकापर्यंत पोहोचतोच असे नाही. विल्मा यांची गोष्ट सांगताना हे विसरता कामा नये.

रोमहून परतल्यावर विल्मा यांच्यापुढे जी शर्यत होती, ती आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड होती. क्लार्क्सव्हिलने त्यांच्या स्वागताची तयारी केली. शहराच्या रीतीप्रमाणे गोऱ्यांचा आणि काळ्यांचा समारंभ वेगवेगळा होणार होता. वीस वर्षांच्या त्या मुलीने निरोप धाडला, की असे वेगळे समारंभ असतील तर आपण येणार नाही. तीन पदके जिंकून आलेल्या मुलीला नकार देणे शहराला जड गेले. ४ ऑक्टोबर १९६० रोजी निघालेली मिरवणूक आणि त्या रात्रीचे भोजन हे क्लार्क्सव्हिलच्या इतिहासातील गोऱ्याकाळ्यांनी एकत्र साजरे केलेले पहिले सार्वजनिक कार्यक्रम ठरले. भोजनाला सुमारे अकराशे माणसे होती. एका पंक्तीत बसण्याचा अर्थ ज्यांच्या आजी-आजोबांनी स्वतः अनुभवला आहे, त्यांना या घटनेचे मोल पदकांहून अधिक वाटेल, आम्हांला वाटते.

पुढील वर्षी, १९६१ साली, स्टुटगार्ट येथे त्यांनी १०० मीटरचा विश्वविक्रम ११.२ सेकंदांवर आणला. १९६२ मध्ये सोव्हिएत संघाविरुद्धच्या स्टॅनफर्ड येथील लढतीत आपल्या शर्यती जिंकून, कारकीर्द ऐन भरात असताना, त्या स्पर्धेतून निवृत्त झाल्या. तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. त्या काळी हौशी खेळाडूला खेळातून पैसा घेण्याची मुभा नव्हती. जगातील सर्वांत वेगवान स्त्रीला उपजीविकेसाठी नोकरी शोधावी लागली. १९६३ साली त्यांनी शिक्षणशास्त्राची पदवी घेतली. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्याच गावातील एका उपाहारगृहात कृष्णवर्णीयांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या आंदोलनात त्या सहभागी झाल्या. तीन वर्षांपूर्वी ज्या शहराने मिरवणूक काढली होती, त्याच शहरात टेबलाशी बसण्याचा हक्क मागण्यासाठी त्यांना उभे राहावे लागले. थोड्याच काळात शहराने सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या करण्याचे जाहीर केले.

ज्या कॉब प्राथमिक शाळेत त्या स्वतः शिकल्या, तेथेच त्या शिक्षिका झाल्या आणि बर्ट हायस्कूलमध्ये धावण्याचे प्रशिक्षण देऊ लागल्या. वेतन तुटपुंजे होते. पुढे निरनिराळ्या शहरांत त्यांनी निरनिराळी कामे केली, चार अपत्ये वाढवली, १९७७ साली आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि १९८१ मध्ये गरीब वस्त्यांतील मुलांना खेळाचे व अभ्यासाचे मार्गदर्शन मिळावे म्हणून स्वतःच्या नावाची संस्था उभारली. १२ नोव्हेंबर १९९४ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे चौपन्न वर्षांचे. ज्या गावात त्यांच्या आईला मुलीसाठी इस्पितळ मिळाले नव्हते, त्या गावाचा एक प्रमुख रस्ता आज त्यांच्या नावाने ओळखला जातो.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. विल्मा यांचे चरित्र सांगताना बहुधा असे सांगितले जाते, की जिद्द असेल तर सुरुवात कशीही असली तरी चालते. आम्हांला हा निष्कर्ष अपुरा वाटतो. धावमार्गावरील मागासलेपण शतांश सेकंदांचे असते आणि ते भरून काढण्यास पुढे ऐंशी मीटर मोकळे असतात. समाजातील मागासलेपण पिढ्यांचे असते आणि पुढचा मार्ग मोकळा असेलच असे नाही. विल्मा यांच्यासाठी तो मोकळा करावा लागला. दर आठवड्याला बसच्या मागील आसनावर बसणारी आई, दिवसातून चार वेळा पायाला मालीश करणारी भावंडे, कृष्णवर्णीयांनी आपल्या लेकरांसाठी जपलेले एक वैद्यकीय महाविद्यालय आणि एक विद्यापीठ, उणीव ओळखून शेवटचा टप्पा हाती देणारा गुरू, आणि आई झालेल्या मुलीचे शिक्षण थांबू न देणारे कुटुंब, ही सारी त्या तीन मीटरांच्या आघाडीत सामील होती. पाय तिचे होते, जिद्दही तिचीच होती. मार्ग मात्र अनेकांनी झाडून दिला होता. निवासी शाळा चालवणारे, तिला धान्य आणि देणग्या देणारे, तेथे आपली मुले विश्वासाने धाडणारे, हे सर्व असे मार्ग झाडणारेच होत.

दुसरीही एक गोष्ट आम्ही शिकलो. पुढे अंतर भरून काढता येते, म्हणून सुरुवातीचा अन्याय तसाच राहू द्यावा, असे होत नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पिस्तूल एका कडेला वाजले, तर आठव्या लेनमधील धावपटूला तो आवाज पहिल्या लेनपेक्षा सुमारे ०.०२५ सेकंद उशिरा पोहोचतो. म्हणूनच आता मोठ्या स्पर्धांत प्रत्येक धावपटूच्या मागे ध्वनिक्षेपक ठेवतात, जेणेकरून सर्वांना आवाज एकाच वेळी ऐकू यावा. कोणी तक्रार केली, कोणी ती मोजून पाहिली आणि कोणी नियम बदलला, तेव्हा हे घडले.

आम्हीही हिशेब करून पाहिला. आमच्या मैदानावर सहा मुले रांगेत उभी राहतात आणि शिट्टी वाजवणारे शिक्षक वर्षानुवर्षे पहिल्या मुलाशेजारी उभे राहत आले. शेवटच्या मुलापर्यंत ती शिट्टी पोहोचण्यास सुमारे ०.०२ सेकंद अधिक लागतात. मुलांच्या वेगाने हे अंतर वीतभरही भरत नाही. हरलेला मुलगा बहुतेक वेळा त्याहून कितीतरी मागे असतो. पण त्याची तक्रार खोटी नव्हती. शिट्टी त्याला खरोखरच उशिरा ऐकू येत होती.

गेल्या वर्षापासून शिट्टी वाजवणारे शिक्षक एका कडेला उभे राहत नाहीत. ते रेषेच्या मागे, मधोमध उभे राहतात. मुलांना आम्ही आता दोन गोष्टी सांगतो. शिट्टी सर्वांना सारखी ऐकू यावी, ही आमची जबाबदारी. आणि कोणी आधी सुटला तरी अंतिम रेषेच्या पलीकडे जाईपर्यंत पाय थांबवायचे नाहीत, ही तुमची.